साताऱ्यात भाड्याने मिळणारा दोघांचा कॅम्पिंग संच: काय घ्यावं, काय घरून न्यावं

यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोली, रात्री शिवसागर जलाशयाच्या काठावर तंबू आणि दुसऱ्या दिवशी बोटीने वासोटा किल्ला. पाठीवर सॅक टाकून निघणाऱ्या जोडप्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत सातारा जिल्ह्यात यापेक्षा चांगली फेरी नाही. तिच्यासाठी लागणारं सामान भाड्याने मिळतं आणि बहुतेक ठिकाणी संच एकसारखाच असतो: दोन माणसांचा डोम तंबू, दोन स्लीपिंग बॅगा, दोन मॅट, घडीची गॅस शेगडी. आमचं मत आधीच सांगतो. तंबू आणि शेगडी जरूर भाड्याने घ्या, स्लीपिंग बॅगा पारखून घ्या आणि मॅट मात्र स्वतःच्याच न्या.

तंबूवर ‘दोन माणसांचा’ असं लिहिलेलं असतं ते फक्त झोपण्यापुरतं खरं. आतली रुंदी साधारण १२० ते १४० सेंटिमीटर भरते. मॅट ५० ते ६० सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे दोन मॅट शेजारी टाकल्या की तळ संपला. दोन सॅक आत येत नाहीत, पायाशी कोंबल्या तर पाय आखडून झोपावं लागतं आणि बाहेर ठेवल्या तर दवाने चिंब होतात. म्हणून जोडप्यांनी सरळ तीन माणसांचा तंबू मागावा. वजन अर्धा-एक किलोने वाढतं, पण ते दोघांत वाटलं जातं: एकाच्या सॅकमध्ये आतला तंबू, दुसऱ्याच्या सॅकमध्ये पोल, मेखा आणि वरचं कापड. तंबू त्याच्या पिशवीसकट एकाच सॅकला बाहेरून बांधायची पद्धत टाळा. तीन किलोचं ओझं पाठीपासून लांब गेलं की उतारावर तोल मागे जातो आणि खांद्याचे पट्टे काचतात.

ज्यांची उंची सहा फुटांच्या आसपास आहे त्यांनी दुकानात तंबूत आडवं होऊनच पाहावं. डोके किंवा पाय आतल्या भिंतीला टेकले तर रात्रभर त्या जागी बॅग ओली होत राहते.

डिपॉझिट देण्याआधी तंबू दुकानातच पूर्ण उभा करून मागा. यात पंधरा मिनिटं जातात आणि दुकानदार चांगला असेल तर स्वतःहून उभा करून दाखवतो. काठावर अंधारात पोल मोडलेला सापडण्यापेक्षा हे बरं. भाड्याच्या तंबूंचे पोल बहुधा फायबरग्लासचे असतात आणि ते मधोमध क्वचित तुटतात. तुटतात ते जोडाशी, जिथे एक तुकडा दुसऱ्याच्या धातूच्या नळीत बसतो. लोक घाईत पोल झटकतात, आतलं रबर तुकडे जवळ ओढतं, पण टोक नळीत पूर्ण न बसता काठावरच अडकतं. मग तंबूला बाक दिला की सगळा भार त्या काठावर येतो आणि पोल उभा चिरतो. प्रत्येक जोडावरून नजर फिरवा, उभी बारीक चीर किंवा पांढुरका पट्टा दिसला तर तो पोल परत करा. बोट फिरवू नका, काचेची कुसळं बोटात शिरतात. संचात पोलच्या दुरुस्तीची एक सुटी नळी आहे का तेही विचारा. पोल तुटला तर ती तुटलेल्या जागेवर सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली की रात्र निभावते.

पारखायची दुसरी जागा म्हणजे चेन. चेन लावून झाल्यावर सरकीच्या (हाताने ओढून सरकवायच्या तुकड्याच्या) मागे दाते पुन्हा उघडत असतील तर दोष दात्यांचा नसतो, सरकीचे ओठ झिजून फाकलेले असतात. पक्कडीने सरकीच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबल्या की चेन पुन्हा धरते. जास्त दाबलं तर सरकी तुटते. नुसती जड चालणारी चेन असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासली की काम होतं.

आणि वास घ्या. वरचं कापड उलटं करून आतल्या बाजूला आंबूस वास येत असेल किंवा कापड हाताला चिकटत असेल, तर तो तंबू ओला गुंडाळून ठेवलेला आहे. पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर अशाने सुटतो. असा तंबू पाऊस सोडाच, दवही अडवत नाही. शिवणींवरची पारदर्शक पट्टी सुटलेली असेल तर तिथून हमखास गळणार. थंडीच्या महिन्यांत हे चालून जाईल, पण जून ते सप्टेंबर या संचातला तंबू घेऊन या डोंगरांत जाऊच नका. पश्चिमेकडून येणारा वारा आणि आडवा पाऊस सोसायला तो बनवलेला नाही.

मेखा मोजून घ्या आणि चार-पाच जास्तीच्या मागा. संचात मिळणाऱ्या मेखा गोल तारेच्या असतात, त्या मऊ मातीत ठीक. या भागातली खरी अडचण मात्र जमिनीची आहे. डोंगरमाथ्यावर सडा आहे, म्हणजे जांभ्याचा कातळ आणि वर दोन-चार बोटं माती. तिथे मेख आत जात नाही, वाकते. (कासच्या संरक्षित पठारावर तंबू लावायचाच नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेली ती जागा आहे आणि त्या पातळ मातीतच तिथली सगळी फुलं येतात.) जिथे मालकाच्या परवानगीने खाजगी सड्यावर तंबू टाकता येतो, तिथे मेखांऐवजी दगड वापरा. दोरीच्या फासात वीतभर लांब, मजबूत काटकी अडकवा, काटकी जमिनीवर आडवी ठेवा आणि तंबूच्या बाजूने तिच्यापुढे, दोरीवर, मोठा दगड ठेवा. दोरी ताणली की काटकी दगडाला मागून अडते. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर जांभ्याची खरबरीत कड तिला रात्रीतून कापते.

काठावर उलटा प्रकार. पाणी उतरलं की शिवसागरच्या कडेला गाळ उघडा पडतो. वरून सुकलेला, भेगाळलेला दिसतो, खाली मऊ असतो. मेख सहज जाते आणि तितक्याच सहज निघते. मेख तंबूपासून उलट्या दिशेला कलती ठेवून पूर्ण आत ठोका आणि वर दगड ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे गाळ सोडून वरच्या गवताळ पट्ट्यावर या. हा कोयना धरणाचा जलाशय आहे, पाण्याची पातळी विजेसाठी आणि सिंचनासाठी बदलत असते, त्यामुळे पाण्याला लागून तंबू लावू नये. वरची जमीन बहुतेक कुणाच्या तरी मालकीची असते. आधी गावात विचारा. विचारल्यावर नाही म्हणणारं माणूस या भागात विरळाच, आणि रात्रीच्या भाकरी-पिठल्याची सोयही बहुधा तिथेच होते.

आता सगळ्यात जास्त तक्रारी ज्याच्या येतात ते. ‘तंबू गळत होता’ असं सांगून लोक भांडतात, तेव्हा दहातल्या नऊ वेळा तो गळलेला नसतो. पाणवठ्याकाठची दमट हवा, थंड रात्र आणि आत दोघांचे श्वास. वरचं कापड गार पडलं की त्या वाफेचं पाणी होऊन आतून थेंब लागतात आणि पहाटे वाऱ्याने कापड हललं की अंगावर पडतात. थंडी वाजते म्हणून सगळी छिद्रं बंद केली की हेच वाढतं. उपाय उलटा आहे: वरचे झरोके उघडे ठेवा, दाराची वरची एक वीत चेन उघडी ठेवा, आणि वरचं कापड आतल्या तंबूला कुठेही टेकणार नाही इतकं दोऱ्यांनी ताणून घ्या. चार कोपरे ठोकून दोऱ्या पिशवीतच ठेवणाऱ्यांचा तंबू सकाळी ओलाच असणार. एकाच कापडाचे स्वस्त तंबूही काही ठिकाणी देतात. ते घेऊ नका.

स्लीपिंग बॅगेवर दोन तापमानं लिहिलेली असतात, कम्फर्ट आणि लिमिट. मोजमापाच्या युरोपीय पद्धतीत कम्फर्ट हा आकडा प्रमाण मानलेल्या स्त्रीसाठी आणि लिमिट हा अंग आखडून झोपलेल्या पुरुषासाठी धरलेला असतो. दुकानदार सांगतो तो बहुधा खालचा आकडा, म्हणजे लिमिट. दोघांना एकसारख्या बॅगा देणं ही या संचाची मोठी उणीव आहे, कारण त्याच बॅगेत नवऱ्याला झोप लागते आणि बायको रात्रभर कुडकुडते. डिसेंबर-जानेवारीत काठावर पारा दहाच्या आसपास आणि कधी त्याखालीही जातो. जिला किंवा ज्याला थंडी जास्त वाजते त्याच्यासाठी ५ अंश कम्फर्टची बॅग मागा. दोन बॅगा एकमेकींना जोडायच्या असतील तर एक डाव्या चेनची, एक उजव्या चेनची आणि दोन्ही चेनचे दाते एकाच मापाचे हवेत. हे दुकानातच जोडून पाहावं लागतं, अंदाजाने जमत नाही. घरून दोन पातळ सुती चादरी शिवून आत घालायला नेल्या तर बॅगेचा स्वच्छतेचा प्रश्नही मिटतो.

संचातल्या मॅट वापरून वापरून चपट्या झालेल्या असतात. अंगाखाली दबलेली बॅग ऊब धरत नाही, कारण ऊब धरून ठेवणारी हवाच निघून गेलेली असते. जमिनीची थंडी अडवते ती मॅटच. दहा मिलिमीटर जाडीच्या, बंद बुडबुड्यांच्या फोमच्या दोन मॅट विकत घ्या. वजनाला हलक्या असतात, सॅकला बाहेर बांधता येतात आणि वर्षानुवर्षं टिकतात.

शेगडी ठीक असते. तिच्यासोबत साधारण २२० ते २३० ग्रॅमचा लांबट ब्यूटेनचा डबा मिळतो. डबा आडवा लावायचा असेल तर त्याच्या कडेला असलेली खाच वरच हवी. आतली नळी त्या खाचेच्या दिशेने वळलेली असते, खाच खाली गेली तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि ज्योत एकदम भडकते. वारा नसेल तर एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात दुपटीहून जास्त. दोघांचे दोन-तीन वेळचे चहा आणि एक वेळची मुगाची खिचडी एका डब्यात आरामात होते, डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवलेले असले तर गॅस आणखी वाचतो. पहाटे ज्योत मंदावली तर डबा संपलाय असं समजू नका. ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळ वायू व्हायचाच थांबतो आणि जळताना डबा स्वतःही गार पडत जातो. डबा काही वेळ कोटाच्या आत धरा. आडोशासाठी शेगडीच्या चारी बाजूंनी दगड रचू नका, डबा तापतो. तंबूत शेगडी किंवा निखारे कधीही नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. गॅसचा डबा एसटीत नेता येत नाही, बसने जाणाऱ्यांनी गावातच जेवण सांगावं.

वासोट्याच्या दिवशी हा संच बरोबर न्यायचा नाही. किल्ला कोयना अभयारण्यात आहे, मुक्कामाला बंदी आहे आणि संध्याकाळच्या आत परतावं लागतं. सामान ज्याच्या जमिनीवर तंबू टाकला त्याच्याकडे ठेवा. वनखात्याचा परवाना बामणोलीत निघतो, सोबतच्या प्लॅस्टिकची नोंद होते, त्यामुळे वेष्टणं आधीच काढून खाऊ डब्यात भरा. बोट माणशी नाही, पूर्ण ठरवावी लागते. दोघांनाच परवडत नाही, तेव्हा शनिवार-रविवारी सकाळी लवकर धक्क्यावर पोचून एखाद्या गटाबरोबर वाटून घ्यावी. बोटीला एक ते दीड तास, चढाईला दीड-दोन तास धरा.

परत देताना मेखा दुकानदारासमोर मोजा. तंबू ओला असेल तर ओला आहे असं स्पष्ट सांगा आणि घडी न घालता सैल द्या. मेखांच्या टोकांचा गाळ आधी पुसून टाका, तो सुकला की पिशवीत तंबूच्या कापडाला घासत राहतो.