‘सोलारिस’ दाखवायचा, पण कोणता?

आमच्या वाचनालयातल्या गटाने पोलिश लेखक स्तानिस्लाव लेमची ‘सोलारिस’ ही विज्ञानकादंबरी वाचून संपवली आणि लगेच मागणी आली की आता सिनेमा बघू. पावसाळी मासेमारीबंदीमुळे वेंगुर्ल्यात यांत्रिक बोटी 1 जून ते 31 जुलै बंदरातच असतात, त्यामुळे गटातल्या बोटवाल्यांना तेव्हाच सवड. सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे होतं. आता दापोलीच्या एका मित्राचा गट त्याच टप्प्यावर आलाय. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

कादंबरी 1961 ची. पडद्यावर ती तीनदा आली. 1968 साली सोव्हिएत टीव्हीसाठी दोन भागांचं कृष्णधवल रूपांतर झालं, त्यात केल्विन या मानसशास्त्रज्ञ नायकाचं काम वासिली लानोव्हॉयने केलंय. घटनाक्रम पाहिला तर पुस्तकाच्या सगळ्यात जवळचं तेच. पण ते बरंचसं बंद खोल्यांतल्या संवादांवर चालतं, आणि हॉलमध्ये पंचवीसतीस माणसांना ते बांधून ठेवेल असं मला वाटत नाही. एकट्याने जरूर बघावं. राहिले दोन: आंद्रेई तारकोव्हस्कीचा 1972 चा आणि स्टीव्हन सोडरबर्गचा 2002 चा.

पुस्तक वाचलेल्यांना कथा सांगायची गरज नाही. खरी अडचण समुद्राची आहे. सोलारिस हा सबंध ग्रह व्यापून असलेला एकच समुद्र, तोच एक जीव, दोन सूर्यांच्या ओढाताणीत ग्रहाची कक्षा सांभाळणारा. वरच्या अवकाशस्थानकात राहणाऱ्या माणसांच्या आठवणींतून तो माणसं घडवतो आणि त्यांच्या खोल्यांत पाठवतो. का, ते शेवटपर्यंत कळत नाही. केल्विन स्थानकावरच्या ग्रंथालयात बसून या समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेलेले ग्रंथ चाळतो. पाण्यातून उठणारे डोंगराएवढे आकार, त्यांना दिलेली मिमॉइड, सिमेट्रियाड अशी नावं, आणि एवढी वर्गवारी करूनही कुणाच्या हाती काही न लागणं, हे लेमने पानंच्या पानं लिहिलंय. नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला त्यांचे गुरू फ्रेड हॉयल ठाऊक असतात. हॉयलच्या 1957 च्या ‘द ब्लॅक क्लाउड’मधला ढग निदान माणसांची भाषा शिकतो, त्यांच्याशी बोलतो. लेमचा समुद्र बोलतच नाही, आणि हे न बोलणं पडद्यावर आणणं फार कठीण.

दोन्ही दिग्दर्शकांनी ग्रंथालयाची पानं बाजूला ठेवून केल्विन आणि त्याची मेलेली बायको यांना पुढे आणलं. लेमला ते पटलं नाही. तारकोव्हस्कीशी तो मॉस्कोत जाऊन भांडला. यांनी ‘सोलारिस’ सोडून दोस्तोव्हस्कीचं ‘क्राइम अँड पनिशमेंट’ केलंय, अशी त्याची तक्रार. सोडरबर्गचा सिनेमा तर त्याने पाहिलाही नव्हता. परीक्षणं वाचूनच त्याने लिहिलं की आपण पुस्तकाचं नाव ‘सोलारिस’ ठेवलंय, ‘अंतराळातलं प्रेम’ नव्हे. तेव्हा लेखकाच्या पसंतीवर निवड सोपवायची सोय नाही, आपली आपणच करायची.

सोडरबर्गच्या बाजूने बरंच बोलता येतं. शंभर मिनिटांच्या आत संपतो. पावसाळ्यात कोकणात सिनेमा दाखवणाऱ्याला ही गोष्ट लहान वाटणार नाही, कारण लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. जॉर्ज क्लूनी आणि नताशा मॅकेल्होन यांच्या लग्नाची गोष्ट त्याने तुकड्यातुकड्यांत सांगितलीय, आणि ती आत लागते. क्लिफ मार्टिनेझचं संगीत मी अजून ऐकतो. शिवाय पुस्तकातली एक कल्पना त्याने तारकोव्हस्कीपेक्षा नेमकी पकडलीय, असं माझं मत आहे. परत आलेली बायको नवऱ्याच्या आठवणींतूनच बनलेली आहे. त्याला ती आत्महत्या करणारी म्हणून आठवते, म्हणून ही पुन्हा त्याच वाटेने जाते. नवऱ्याने बायकोला किती अपुरं ओळखलं होतं, हे त्या दोनचार प्रसंगांत स्वच्छ दिसतं. कॉलेजच्या मुलांना दाखवायचा असेल, किंवा पुस्तक न वाचलेली मंडळी जास्त असतील, तर मी कदाचित हाच सुचवीन.

माझं अडलं ते एकाच गोष्टीपाशी. या सिनेमात पाणी नाही. ग्रह आहे, स्थानकाच्या बाहेर निळाजांभळा उजळत राहतो, प्रकाशाचे धागे सोडतो, दिसतो सुंदर. पण लाट नाही, किनारा नाही, कुणी खाली उतरत नाही. गटासाठी निवड करण्याआधी मी घरी काही जणांना घेऊन तो पाहिला. त्यातल्या एका जुन्या बोटवाल्या काकांनी अर्ध्यावर विचारलं, “पण ह्यात दर्या खंय आसा?” मला उत्तर देता आलं नाही.

त्यांचा प्रश्न भाबडा नव्हता. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्यांनी वाचलं होतं. त्यात केल्विन पहिल्यांदाच स्थानकाबाहेर पडून एका मिमॉइडच्या काठावर उतरतो आणि हात पुढे करतो. लाट थबकते, मग गायीने अनोळखी माणसाचा हात हुंगावा तशी त्याच्या हाताभोवती चढते, पण कातडीला लागत नाही. मध्ये हवेचा एक पातळ थर राहतो. तो हात वर उचलतो, तशी तीही त्याच्यामागे ताणली जाते. पुन्हा पुन्हा केल्यावर तिची उत्सुकता संपते आणि ती येईनाशी होते. माणूस आणि समुद्र यांची सबंध पुस्तकातली एवढीच काय ती थेट भेट, आणि तीही स्पर्शाशिवाय. माझ्या लेखी लेमची कादंबरी त्या हवेच्या थरात आहे. लेमचा जन्म ल्वूवचा, समुद्रापासून लांबचा, तरी पाण्याकडे इतकं नीट बघणारं लिखाण मी क्वचितच वाचलंय. समुद्राचं नुसतं तेज करून टाकलं की ही भेट होण्याची शक्यताच उरत नाही.

तारकोव्हस्कीनेही हा प्रसंग घेतलेला नाही, हे मान्य. उलट त्याने पुस्तकात नसलेलं कितीतरी घातलंय: पृथ्वीवरचं घर, वडील, तळं, पाऊस. पहिली चाळीसेक मिनिटं आपण पृथ्वीवरच असतो. त्यात टोकियोच्या रस्त्यांवर चित्रित केलेला मोटारीचा लांबलचक प्रवास आहे, पाचेक मिनिटं नुसते पूल आणि बोगदे. आमच्याकडे तेव्हा निम्मे लोक चहाला उठले. एकूण लांबी पावणेतीन तास. सिनेमाचा ओढा अपराध आणि घर यांच्याकडे आहे, अज्ञाताकडे कमी, ही लेमची तक्रारही मला खोटी वाटत नाही.

पण त्यात समुद्र आहे. घट्ट, संथ घुसळणारा, कधी करडा तर कधी तपकिरी, आणि तारकोव्हस्की त्याच्यावर कॅमेरा ठेवून थांबतो. काही समजावत नाही. बर्टन नावाचा वैमानिक समितीपुढे सांगतो की त्या पाण्यावर त्याने चार मीटर उंचीचं मूल पाहिलं. त्याने केलेलं चित्रण लावलं जातं, तर पडद्यावर नुसते ढग आणि धुकं. पुस्तकात हा अहवाल केल्विन स्थानकावर वाचतो. सिनेमाने तो पृथ्वीवर आणला, क्रम मोडला, पण त्यातला गाभा जसाच्या तसा राहिला: बघणाऱ्याने पाहिलंय आणि दाखवायला काही नाही. बंदरावरच्या माणसांना हा प्रसंग समजवावा लागला नाही.

दुसरा प्रसंग कपड्याचा. केल्विनची मेलेली बायको हारी परत आलीय, तिला कपडे बदलायचेत, आणि केल्विनच्या लक्षात येतं की तिच्या झग्याला पाठीवर नाडी आहे पण तो उघडायची जागाच नाही. नाडी फक्त दिसायला. तो कात्री घेतो आणि कापड कापतो. समुद्राने आठवणीतून झगा बनवला, पण झगा अंगात घालतात कसा हे त्याला ठाऊक नाही! पुस्तकातही हे आहे, तिथे शोभेची बटणं आहेत. समुद्र किती परका आहे हे ग्रंथालयातल्या पानांइतकंच त्या कात्रीने सांगितलं. हॉलमध्ये तेव्हा चहाचे कपसुद्धा वाजत नव्हते.

शेवटाबद्दल इतकंच की तो पुस्तकाचा नाही, आणि समुद्राशिवाय होऊही शकला नसता.

म्हणून दापोलीच्या मित्राला मी 1972 चाच सांगितला. त्याच्या गटाची आवड वेगळी असू शकते, आणि दोन्ही बघायला वेळ असेल तर उत्तम. मग सोडरबर्गचा आधी दाखवावा, म्हणजे नंतर समुद्र दिसला की माणसं ताठ बसतात. तारकोव्हस्कीचा सिनेमा दोन भागांत आहे, मध्यंतर तिथेच घ्यावं. मोसफिल्म या रशियन स्टुडिओने तो इंग्रजी सबटायटल्ससह यूट्यूबवर ठेवलाय, पण पावसात नेटच्या भरवशावर राहू नये, चांगली प्रत आधीच मिळवून ठेवावी. सबटायटल्सचा आकार मागच्या रांगेत बसून तपासावा. आणि मोटारीचा प्रवास सुरू होण्याआधी सांगून ठेवावं की चहा आत्ता घेतला तरी चालेल.