निम्म्या दुखण्यावरचे औषध : जेजे ईसीसी८३एस

गेल्या पावसाळ्यात माझ्या १५ वॅटच्या ट्यूब अ‍ॅम्पला, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला, एकदम दोन दुखणी जडली. सुरू करून दहा मिनिटे झाली की गिटारला हात न लावताही स्पीकरमधून फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड ऐकू येई. शिवाय आवाज जरा चढवून जाड तारेवर जोरात आघात केला, की पितळी भांड्याला चमचा लागावा तसा एक किणकिणाट सुराच्या शेपटाला चिकटे. या दुखण्यांपायी मी जेजे कंपनीची ईसीसी८३एस ही प्रीअ‍ॅम्प (गिटारचा क्षीण सिग्नल सुरुवातीला वाढवणारी) ट्यूब विकत घेतली आणि सात-आठ महिने जवळजवळ रोज वापरल्यावर आता तिच्याविषयी लिहीत आहे. ट्यूब चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र जी दोन दुखणी बरी करायला ती आणली, त्यांतले एक तिच्या आवाक्यातलेच नव्हते, आणि हे कळायला मला जो वळसा पडला तो सांगितल्याशिवाय तिचे परीक्षण पुरे होणार नाही.

अ‍ॅम्पची रचना नेहमीचीच आहे : पुढे तीन १२एएक्स७, मागे स्पीकरला ताकद देणाऱ्या दोन ईएल८४ आणि त्याच पेटीत बारा इंची स्पीकर. (१२एएक्स७ हे अमेरिकी नाव आणि ईसीसी८३ हे युरोपीय, वस्तू एकच, त्यामुळे दुकानात कोणतेही नाव घेतले तरी चालते.) मी आधी ज्या दुकानात अ‍ॅम्प नेला, तिथल्या माणसाने तो सुरूही न करता ‘पाचही ट्यूब बदलून टाका, प्रश्नच मिटेल’ असा सल्ला दिला. दुकानाचे नाव घेत नाही, कारण हा सल्ला सगळीकडेच मिळतो. पाच ट्यूबचा खर्च ऐकून मी अ‍ॅम्प उचलून घरी आणला आणि दोष नेमका कुठे आहे ते स्वतःच पाहायचे ठरवले.

सुरुवात गिटारची वायर काढण्यापासून करावी. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये इनपुटच्या जॅकमधून वायर काढली की तो जॅक आपोआप जमिनीशी जोडला जातो, म्हणजे बाहेरून काहीच आत येत नाही. तेव्हा वायर काढल्यावर आवाज थांबला तर दोष गिटारचा, वायरचा किंवा खोलीतल्या एखाद्या डिमरचा असतो, अ‍ॅम्पचा नव्हे. पुढची परीक्षा आवाजाच्या जातीची. सतत येणारी गुणगुण असेल तर ती कोणत्या सुराची आहे हे गिटारवरच ताडून पाहता येते. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी हा सूर ९८ हर्ट्झचा असतो आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. गुणगुण त्या जीच्या किंचित वर, म्हणजे १०० हर्ट्झवर असेल, तर वीजपुरवठ्यातले, वीज सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर थकले असण्याचा संभव जास्त. त्याच्याही एक सप्तक खाली असेल, तर अर्थिंग, हीटरच्या (ट्यूबला आतून तापवणाऱ्या भागाच्या) तारा किंवा हीटरपासून कॅथोडकडे (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाकडे) गळती होणारी एखादी ट्यूब यांच्याकडे पाहावे. ही युक्ती ज्यांच्या घराला धड अर्थिंगच नाही त्यांना फारशी उपयोगी पडणार नाही, पण त्यांनी ट्यूबआधी वायरमनला बोलावलेले बरे.

माझ्याकडे गुणगुण नव्हती, तडतड होती. व्हॉल्यूम शून्यावर आणला की ती थांबे, वाढवला की वाढे. म्हणजे तिचा उगम व्हॉल्यूमच्या खुंटीच्या अलीकडे, पहिल्याच ट्यूबच्या परिसरात होता. खात्रीसाठी अ‍ॅम्प बंद केला, प्लग काढला, ट्यूब निवू दिल्या आणि पहिली, म्हणजे व्ही१ जागेवरची ट्यूब उपसून पुन्हा सुरू केला. आता बारीक शिसाट्यापलीकडे काही ऐकू येईना. इथे दोन गोष्टी बजावून ठेवतो. काही अ‍ॅम्पमध्ये ट्यूबचे हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. तिथे एक ट्यूब काढली की बाकीच्याही विझतात आणि ही परीक्षा फसते. दुसरे असे की मागची फळी काढून ट्यूब बदलणे एवढेच आपले काम. चॅसिसच्या, म्हणजे धातूच्या सांगाड्याच्या, आत हात घालू नये, कारण प्लग काढल्यावरही तिथल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट आणि त्याहून जास्त दबा धरून बसलेले असू शकतात. स्पीकरची वायर तर या सगळ्या खटाटोपात कधीच काढू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते.

किणकिणाटासाठी पेन्सिलीची परीक्षा केली. शाळेची साधी लाकडी पेन्सिल घ्यायची, तिची खोडरबराची बाजू पुढे धरायची आणि अ‍ॅम्प सुरू असताना, व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवून, प्रत्येक ट्यूबच्या काचेवर ताक घुसळल्यावर रवीचे शेवटचे थेंब झटकावेत इतक्याच हलक्या हाताने टकटक करायची. तिसऱ्या ट्यूबवर काही ऐकू आले नाही, दुसरीवर अगदी पुसटसा ‘टक्’ आला. पहिलीवर टकटक करताच मात्र स्पीकरमधून घंटेसारखा ‘ठण्ण’ असा नाद आला आणि तो दोन-तीन सेकंद रेंगाळत राहिला. पहिल्या जागेवर थोडेफार ऐकू येणे स्वाभाविकच आहे, कारण तिथून निघालेले सगळे पुढच्या टप्प्यांत कित्येक पटींनी वाढते. रेंगाळणारा नाद मात्र स्वाभाविक नव्हे. ट्यूबमधली ग्रिडची, म्हणजे प्रवाहाला लगाम घालणारी, तार कॅथोडपासून केसभर अंतरावर असते. ती सैल पडून थरथरू लागली की प्रवाहही तिच्याबरोबर थरथरतो आणि ट्यूबचा मायक्रोफोन होतो. माझ्या अ‍ॅम्पसारखा स्पीकर त्याच पेटीत असेल तर त्याची थरथर ट्यूबमध्ये, ट्यूबची स्पीकरमध्ये असे चक्र सुरू होते आणि व्हॉल्यूम फार वाढवला तर त्याची किंकाळी होते.

दोन्ही बोटे व्ही१कडे वळली होती, तेव्हा मी ट्यूब मागवली. जेजेची निवड करण्यामागे एक कारण होते : तिच्या प्लेट (कॅथोडकडून येणारा प्रवाह झेलणारे पत्रे) आखूड असतात. लांब प्लेटच्या ट्यूबला थरथरायला वाव जास्त असतो, आणि कॉम्बो (स्पीकर त्याच पेटीत असलेल्या) अ‍ॅम्पच्या पहिल्या जागेवर आखूड प्लेटची ट्यूब साधारणपणे अधिक शांत राहते. दुसरे कारण उपलब्धतेचे. असल्या ट्यूब बनवणारे मोठे कारखाने आज जगात स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन एवढ्याच देशांत उरले आहेत. २०२२च्या मार्चमध्ये रशियातून निर्यात थांबल्याची बातमी आली तेव्हा काही आठवड्यांत सगळ्याच ट्यूबच्या किमती कशा उसळल्या, हे गिटारवाल्यांना आठवत असेल. जेजेचा कारखाना स्लोव्हाकियातल्या चादत्सा गावी आहे आणि तिचा माल भारतात कुठल्या ना कुठल्या विक्रेत्याकडे सापडतोच. मी एका ट्यूबला दोन हजारांच्या आतच पैसे दिले.

ट्यूब बसवली आणि किणकिणाट गेला. पेन्सिलीने ठोकून पाहिले तर कोरडा, लगेच विरणारा ‘टक्’ एवढेच उत्तर आले. त्या आनंदात मी गिटार गळ्यात अडकवून बसलो. दहा मिनिटे झाली आणि मोहरी पुन्हा तडतडू लागली.

हे कसे, ते समजायला मला दोन दिवस लागले, आणि समजल्यावर स्वतःचीच कीव आली. अशा प्रत्येक ट्यूबमध्ये दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन स्वतंत्र भाग, असतात आणि प्रत्येक ट्रायोडच्या प्लेटला वीज पोचते ती साधारणतः एक लाख ओहमच्या एका रेझिस्टरमधून. त्यातून सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे त्या दाण्याएवढ्या वस्तूच्या दोन टोकांत कायम शंभरएक व्होल्टचा फरक असतो आणि तो वर्षानुवर्षे सोसून रेझिस्टर आतून कुजतो. मग त्यातला प्रवाह सलग राहत नाही, ठेचकाळतो, आणि तीच तडतड होते. आता ट्यूब उपसली की त्या रेझिस्टरमधला प्रवाहही बंद पडतो, म्हणजे दोषी रेझिस्टर असला तरी तडतड थांबते आणि आळ मात्र ट्यूबवर येतो. उपसून पाहिल्याने दोष कोणत्या टप्प्यात आहे एवढेच कळते. दोषी ट्यूब आहे की तिच्याभोवतालचे काही, ते कळत नाही. त्यासाठी अदलाबदल करावी लागते : व्ही१ची ट्यूब व्ही२मध्ये आणि व्ही२ची व्ही१मध्ये घालून पाहायची. आवाज ट्यूबच्या मागोमाग गेला तर दोष ट्यूबचा, जागेवरच राहिला तर जागेचा. ही अदलाबदल फुकट होते आणि पाच मिनिटांत होते. माझ्याकडे तशाच आणखी दोन ट्यूब शेजारीच बसलेल्या असताना मला ते सुचले नाही, याला आळस म्हणायचे की नवी वस्तू घ्यायची हौस, ते वाचकांनी ठरवावे.

शेवटी अ‍ॅम्प घेऊन मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी मी सांगितलेले सगळे मुकाट्याने ऐकले, चॅसिस उघडून कपॅसिटर रिकामे केले, व्ही१च्या सॉकेटचे सैल पडलेले पाते टोकदार हुकाने जरा आवळले आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, ‘व्हॉल्व्ह बिचारा नेहमी बदनाम होतो. डोळ्यांना तोच दिसतो ना.’ मग त्यांनी एक लाख ओहमचे दोन्ही रेझिस्टर काढून मेटल फिल्मचे, एक वॅटचे नवे बसवले. उष्णतेच्या हिशेबाने पाव वॅटचाही चालला असता, पण इतका लहान रेझिस्टर सहसा अडीचशे व्होल्टपर्यंतच तग धरतो आणि ट्यूब आतून शॉर्ट झाली तर त्याच्या दोन टोकांत त्याहून जास्त दाब येऊ शकतो, हे त्यांनी न विचारता समजावून सांगितले. दोन रेझिस्टरची किंमत एका कटिंग चहाहून कमी होती. मजुरी अर्थातच त्यांच्या चाळीस वर्षांची होती आणि ती मी आनंदाने दिली. तडतड त्या दिवशी थांबली ती आजतागायत परतलेली नाही.

काकांच्या टेबलाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले जुने व्हॉल्व्ह होते. त्यांत भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, म्हणजे बेंगळूरला बनलेले ईसीसी८३ही निघाले. रेडिओ आणि सभा-मंडपांतले लाउडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हवर चालत त्या काळातले. काकांनी विकायला नकार दिला, पण त्यांच्याच दुकानात एक व्ही१मध्ये लावून ऐकू दिला, त्यामुळे जेजेशी तुलना करायची अनपेक्षित संधी मिळाली. भारतीय ट्यूबचा सूर अधिक मोकळा, वरच्या अंगाला झळाळी असलेला वाटला, मात्र पेन्सिलीच्या परीक्षेत ती जेजेहून जास्त बोलली. एकाच नगावरून मत बनवू नये हे मान्य. तरी हेवा वाटायचा तो वाटलाच.

आता जेजेच्या सुराविषयी. तिचा मधला पट्टा भरदार आहे, खर्ज बांधीव आहे, आणि वरचे स्वर काहीसे मवाळ आहेत. सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारचा टोचरा कडकपणा तिने गोलाई देऊन उतरवला, जो मला हवाच होता. पण हंबकर (दुहेरी कॉइलच्या) पिकअपच्या, मुळातच जाड आवाजाच्या गिटारवर हाच गुण अंगावर येतो. मित्राची गिटार जोडली तेव्हा ट्रेबलची खुंटी सातच्या पुढे न्यावी लागली आणि तरी सुरावर गोधडी पांघरल्यासारखे वाटत राहिले. ज्यांचा अ‍ॅम्प आधीच अंधाऱ्या सुराचा आहे त्यांनी ती व्ही१मध्ये घालण्याआधी विचार करावा. शिसाट्याच्या बाबतीत ती जुन्या ट्यूबपेक्षा किंचित शांत आहे, पण फरक रात्री बारा वाजता, पंखा बंद करून ऐकला तरच कळावा इतका. सगळाच शिसाटा ट्यूबमधून येत नाही, रेझिस्टरच्या उष्णतेतून आणि गिटारच्या आवाजाच्या खुंटीतूनही तो येतो. तेव्हा शिसाटा घालवण्यासाठी ही ट्यूब घेऊ नये.

विक्रेते हीच ट्यूब ‘निवडक’, ‘कमी आवाजाची’, ‘बॅलन्स्ड’ अशा पाट्या लावून जास्त दराने विकतात. पहिल्या जागेसाठी तपासून निवडलेली ट्यूब घेण्यात अर्थ आहे, कारण साध्या नगांमध्ये एखादा ठणठणता निघू शकतो. बॅलन्स्ड ट्यूब, म्हणजे जिचे दोन्ही ट्रायोड सारखे जुळवलेले असतात ती, कुठे उपयोगी पडली तर फक्त शेवटच्या, फेज इन्व्हर्टरच्या (मागच्या दोन ट्यूबना एकमेकांच्या उलट सिग्नल पुरवणाऱ्या) जागी. आणि तिथेही माझ्या कानांना फरक जाणवलेला नाही. परत घेण्याची मुदत मात्र नक्की विचारून घ्यावी आणि ट्यूब आल्याच्या दिवशीच अर्धा तास तापवून पेन्सिलीने ठोकून पाहावी.

काढलेली जुनी ट्यूब मी फेकली नाही. फेज इन्व्हर्टरनंतर फारसे वाढवणे उरलेले नसते, म्हणून व्ही१मध्ये घंटेसारखी वाजणारी ती ट्यूब व्ही३मध्ये घातली आणि तिथली चांगली ट्यूब सुटी करून डब्यात ठेवली. व्ही३मध्ये ती आजही बसली आहे, पेन्सिलीने कितीही डिवचले तरी चकार शब्द काढत नाही.