धुराड्याची चूल की गॅस?

साध्या मातीच्या चुलीत लाकडातली जेमतेम 10 टक्के उष्णता भांड्याला लागते. बाकीची भिंत तापवते आणि डोळे चुरचुरवते. खाली जाळी, मागे वैल (दुसरं भांडं ठेवायची जागा) आणि वर धुराडं असलेल्या सुधारित चुलीत हेच प्रमाण दुपटीच्या आसपास जातं. सरपण घरचंच: तुराट्या, पऱ्हाटी, गोवऱ्या. पण धुराडं वरचेवर झाडावं लागतं. काजळीनं ते तुंबलं की धूर पुन्हा घरात, आणि मग लोक ते काढूनच टाकतात. 1980 च्या दशकात सरकारने वाटलेल्या कितीतरी निर्धूर चुलींचं असंच झालं. चूल बांधून दिली, पण दुरुस्तीला पुन्हा कोण येणार?

गॅस शेगडीची कार्यक्षमता मानकानुसार किमान 68 टक्के. धूर नाही, चहा पाच मिनिटांत. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि 14.2 किलोची टाकी वाड्यावस्त्यांवर पोचली. अडतं ते दुसरी टाकी भरताना, कारण सरपण पैसे न मोजता मिळतं, टाकीला रोख लागते. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून शेगडी ओट्यावर, टाकी खाली आणि उभी हवी. चुलीशेजारी तर टाकी नकोच!

माझं मत गॅसच्या बाजूने, विशेषतः घरात तान्हं मूल असेल तर. पण आंघोळीचं पाणी आणि गुरांचं आंबवण गॅसवर कुणी शिजवत नाही. त्यासाठी अंगणात धुराड्याची चूल असू द्या. आणि भाकरी? तिच्यावरून सासू-सुनेचं एकमत व्हायचं नाही.