लिटमस की जास्वंद?

आठवीला आम्ल-आम्लारी शिकवायचंय आणि शाळेकडे पैसे बेताचे. पदार्थ आम्ल की आम्लारी हे रंग बदलून दाखवणारा लिटमस कागद मागवू की जास्वंदीच्या फुलांच्या अर्कावर भागवू, असं एका शिक्षिकाताईंनी विचारलं.

खर्चाचं सोपं आहे. लिटमस फार महाग नाही, पण साठ मुलांच्या हाती पडला की पुडकी उडतात. जास्वंद कुंपणावर फुकट.

टिकण्यात लिटमस उजवा. बंद, कोरड्या डबीत तो खूप काळ राहतो. फक्त हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीशेजारी ठेवू नका; वाफेनेच निळ्या पट्ट्या तांबूस होतात. जास्वंदीचा अर्क उन्हाळ्यात लवकर आंबतो. त्यावर तोड म्हणजे गाळणकागद अर्कात भिजवून सावलीत वाळवायचा.

खरी गंमत रंगांत आहे. लिटमसच्या दोन पट्ट्या, दोन उत्तरं, विषय संपला. जास्वंदीचा अर्क मात्र लिंबाच्या रसात गडद गुलाबी, चुन्याच्या निवळीत हिरवट होतो, आणि मुलं घरी जाऊन सगळं स्वयंपाकघर तपासतात. हळद त्यामानाने एकांगी: आम्लारीत लाल होते, लिंबू पिळलं तर पिवळीच राहते. म्हणजे आम्ल आणि साधं पाणी तिला सारखंच.

मेहनत? पाकळ्या उकळणं, गाळणं यात अर्धा तास जातो. तो मुलांकडूनच करून घ्यावा.

प्रात्यक्षिक परीक्षा किंवा अमोनियासारखा वायू ओळखायचा असेल तर लिटमसच घ्या. तिथे ओली लाल पट्टी झटकन निळी होते. संकल्पना पहिल्यांदा शिकवताना, प्रत्येक मुलाच्या हाताला काम द्यायचं असेल तर जास्वंद.