विंडोजमधलं लिनक्स: फायली कुठे ठेवाल त्यावर सगळं ठरतं

पुण्यात इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल सुरू झालं की लिनक्स लागतंच, आणि लॅपटॉपवर असतं विंडोज. पार्टिशनची चिरफाड न करता काम भागवायचं तर मायक्रोसॉफ्टचं मोफत डब्ल्यूएसएल (विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) हा आज सगळ्यात चांगला मार्ग आहे.

बसवणं सोपं. पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कमांड द्यायची खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ द्या, लॅपटॉप रीस्टार्ट करा, उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, तयार. उबुंटूसाठी पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करून एंटर दाबायचं. व्हर्च्युअलायझेशनबद्दल (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवायच्या सोयीबद्दल) एरर आली तर ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, चालू करा.

खरा गोंधळ फोल्डरांचा. इथे दोन घरं आहेत: लिनक्सचं होम, म्हणजे ~, आणि विंडोजचा सी ड्राइव्ह, जो ‘/एमएनटी/सी’ इथे दिसतो. उबुंटूच्या आयकॉनवरून शिरलात तर होममध्ये पोचता. पॉवरशेलमधून ‘डब्ल्यूएसएल’ म्हणून शिरलात तर आधी ज्या विंडोज फोल्डरमध्ये होतात तिथेच राहता. म्हणून आत गेल्यावर पहिली कमांड ‘पीडब्ल्यूडी’, ती तुम्ही कोणत्या फोल्डरमध्ये आहात ते सांगते. डेस्कटॉपवरची फाइल सापडत नसेल तर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये बघा, बऱ्याच लॅपटॉपवर डेस्कटॉप तिकडे हललेला असतो.

‘सीडी’ने फोल्डर बदलतो, पण ‘सीडी सेम ५’ चालत नाही, कारण मधल्या स्पेसमुळे लिनक्सला ती दोन नावं वाटतात. नाव अवतरणचिन्हांत घाला, किंवा पहिली दोन अक्षरं लिहून टॅब दाबा. ‘सीडी -’ ने आधीच्या फोल्डरमध्ये परतता येतं; ही कमांड फार कमी जणांना माहीत असते. होममध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची नावं वेगळी धरली जातात, सी ड्राइव्हवर सहसा नाही.

प्रोजेक्ट मात्र होममध्येच ठेवा. डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्स वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं, त्यामुळे सी ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलसाठी सीमा ओलांडावी लागते. हजारो बारीक फायली असल्या की गिट (कोडमधले बदल नोंदवणारं) आणि एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारं) ही साधनं रखडतात. होममधल्या फायली विंडोजमध्ये बघायच्या असतील तर ‘एक्सप्लोरर.ईएक्सई .’ द्या. शेवटचा टिंब विसरू नका, चालू फोल्डर तोच सांगतो.

उणिवाही आहेत. ‘आरएम’ या फाइल काढायच्या कमांडने उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. फायली काढल्या तरी व्हर्च्युअल डिस्कची फाइल (लिनक्सचं सगळं जिच्यात साठतं ती) आपोआप आकसत नाही, आणि २५६ जीबीच्या एसएसडीवर हे जाणवतं. ८ जीबी रॅम असेल तर ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ या सेटिंगच्या फाइलमध्ये मेमरीची मर्यादा घाला आणि ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ करून पुन्हा सुरू करा.

एक कमांड मात्र जपून: ‘डब्ल्यूएसएल’पुढे ‘--अनरजिस्टर’ दिलं की उबुंटूसकट होममधलं सगळं जातं. सबमिशनच्या आठवड्यात तर आधी ‘--एक्स्पोर्ट’ने बॅकअप घेतल्याशिवाय तिला हातच लावू नका.