सीएएचा (नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचा) अर्ज भरून देतो म्हणणाऱ्या एजंटपासून सावध राहा

आम्ही नागपुरात जरीपटक्याला राहतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक सिंधी कुटुंब भाड्यानं आहे, 2013 ला पाकिस्तानातल्या घोटकीहून आलेलं. पोरी मोठ्या होत होत्या आणि तिकडं हिंदू मुलींना पळवून नेऊन धर्म बदलायला लावायचे प्रकार चालूच, त्या धास्तीनं चालतं दुकान सोडून आले बिचारे.

मार्च 2024 मध्ये सीएएचे नियम निघाले, 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या पाकिस्तानी हिंदूंना नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो म्हटल्यावर हे त्यात बसतातच. नेमका तेव्हा एक एजंट यांना गाठायला आला. माणशी 40 हजार, पाच जणांचे 2 लाख घेतले, भाभींनी त्यासाठी बांगड्या मोडल्या. वर ओरिजिनल पासपोर्टही घेऊन गेला, म्हणे दिल्लीला दाखवावे लागतात. साफ खोटं! अर्ज ऑनलाइन असतो, स्कॅन अपलोड करायचे, ओरिजिनल नंतर स्वतः जिल्हा समितीपुढं न्यायचे, आणि ती समिती पोस्टाच्या अधीक्षकांच्या हाताखाली असते, नागरिकत्वाची शपथही तिथंच. सरकारी फी तर अगदी नाममात्र.

पण पैशांपेक्षा वाईट म्हणजे त्यानं सांगितलं की आता एलटीव्ही (इथं राहायचा दीर्घ मुदतीचा व्हिसा) रिन्यू करायची गरज नाही, आणि यांनी विश्वास ठेवला. एप्रिल 2025 ला पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द झाले, हिंदूंच्या एलटीव्हीला सूट होती, पण यांची एलटीव्हीच संपलेली. धाकटी रात्री खाली आली, काकू आम्हाला परत पाठवतील का विचारत होती, माझ्याच्यानं काही बोलवेना.

मग मी सगळे कागद मागवले. पाच पावत्या, गोल शिक्का मारलेल्या, पोर्टलवर नंबर टाकले तर चार निघाले बनावट. एक अर्ज खरा होता पण त्याच्या प्रिंटवर मोबाइल आणि ईमेल दोन्ही त्या एजंटचे, म्हणजे सरकारकडून आलेला प्रत्येक मेसेज त्यालाच जाणार, यांना कळणार कसं?

पोलिसांत तक्रार दिल्यावर तीन पासपोर्ट परत मिळाले, दोन अजून त्याच्याकडंच आहेत. एलटीव्हीची फाइल परत टाकलीय, उरलेले चार अर्ज मी स्वतः बसून यांच्याच नंबरवर भरले. उल्हासनगर, जळगावकडं तुमच्या ओळखीत अशी घरं असतील तर आजच जाऊन बघा एलटीव्हीची तारीख काय आहे आणि अर्जावर मोबाइल नंबर कोणाचा टाकलाय.