व्हिडिओ कॉल का व्हॉइस नोट?
ताई टोरंटोला, आम्ही इंदूरला, म्हणजे साडेनऊ तासांचा फरक, थंडीत त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहा. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट 2013 पासून अन् व्हिडिओ कॉल 2016 पासून, पण आमच्या घरात कोणतं बरं यावर अजून वाद चालूच आहे.

व्हिडिओ कॉल म्हणजे रविवारचा सोहळा. आई साडी बदलते, फोन बाबा धरतात अन् ताईला दिसतो पंखा नि बाबांचं अर्धं कपाळ, मग "आवाज येतोय का" मध्येच पाच मिनिटं जातात आणि सगळे छान आहोत छान आहोत म्हणत ठेवून देतात. चेहरा दिसतो हे खरं, ताई वाळलीये हे आईला तिथेच कळलं.

नोटसाठी कुणी तयार होत नाही. आई पोहे वाफवता वाफवता बोलते, मागे कुकरची शिट्टी, मध्येच "अगं बाई, जीरावन संपलं" (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), आणि मग हळूच गुडघ्याचं सांगते, जे कॉलवर कध्धीच नाही सांगितलं. ताई तीच नोट बसमध्ये दोनदा ऐकते म्हणे. मी दुप्पट स्पीडवर ऐकतो, आईला सांगू नका हं. फक्त भांडण नोटवर करू नका, मध्ये तोडणारं कुणी नसतं मग आपण सुटतोच. रोजच्याला माझं मत नोटलाच.